शिंगवाल्यांना नोटीस

सिडकोतली ती खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला लग्नाचं विचारलं नाही, जात विचारली नाही, अंडी खाता का तेही विचारलं नाही. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "खोली किती बाय किती हाय?"

मी म्हटलं, "दहा बाय बारा. एजंटनं सांगितलंय."

"एजंटनं सांगितलं. मोजलं कोणी?"

आणि शर्टाच्या खिशातून टेप काढून त्यांनी तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. खोली निघाली नऊ फूट दहा इंच बाय अकरा फूट चार इंच. तो आकडा त्यांनी भाडेकराराच्या कागदावर लिहिला, खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या आणि म्हणाले, "आता तुम्ही फसल्या नाय आन् मी फसवलं नाय. या राहायला." मी बॅग खाली ठेवली, पण हा माणूस थोडा सरकलेला आहे अशी माझी पक्की समजूत झाली. पुढं दीड वर्ष मी तिथं राहिले आणि ती समजूत बदलण्याचं काही कारण मला मिळालं नाही.

गल्लीत त्यांना मोजणीवाले काका म्हणत. सगळी नोकरी त्यांनी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून केली होती. दोन भावांचं बांधावरून वाजलं की साखळी, नकाशा घेऊन जो माणूस येतो आणि तो गेल्यावर दोघंही भाऊ ज्याला शिव्या घालतात, तो माणूस म्हणजे काका. कन्नडच्या घाटापासून वैजापूरच्या काळ्या रानापर्यंत त्यांनी पायाखाली न घातलेला शिवार नव्हता. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण पाय निवृत्त झाले नव्हते. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं, कमी नाही, जास्त नाही. दुधाच्या दुकानापर्यंत चारशे बारा पावलं. एकदा ती चारशे सव्वीस भरली तेव्हा दूध तसंच घेऊन ते परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले, आणि शेवटी काकूंनी सांगितलं की अहो, चप्पल नवी आहे तुमची, बिचकून चालताय. मग त्यांनी जुनी चप्पल कचऱ्यातून काढली.

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. मला, भाजीवालीला, समोरच्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलीलाही. कारण विचारलं तर म्हणाले, "परक्याच्या रानात दिवसभर उन्हात काम. 'अरे, पाणी आण' म्हणलं की तांब्या रिकामा येतो." समोरची मुलगी त्यामुळं फार शेफारली होती. ती त्यांना अरे-तुरे करायची.

आणि भिंतीची गोष्ट तर मला पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी सांगितली होती. निवृत्तीनंतर रिकामपणी काकांनी स्वतःचाच प्लॉट मोजला, तर कंपाउंडची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत चार बोटं गेलेली निघाली. शेजाऱ्याला पत्ता नव्हता, त्याची तक्रार नव्हती, त्यानं हात जोडून सांगितलं की काका राहू द्या, धूळ होईल. काकांनी गवंडी लावला आणि भिंत पाडून आत घेतली. काकू त्या विषयावर अजून तापायच्या. "चार बोटांपायी माझं कढीपत्त्याचं झाड गेलं. भरलं झाड. गल्ली खायची त्याचं." काका खाली मान घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहायचे. भिंत मात्र जिथं हवी तिथं होती.

तर अशा माणसासोबत मी जपानी कार्टून बघत असे, हे मला अजूनही नीट पटवून सांगता येत नाही.

मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रबंधिकेसाठी विषय घेतला होता एका अद्भुतरम्य साहसी ॲनिमे मालिकेतली आशयसूत्रं आणि पात्रचित्रण. तो मॅडमना कळायलाच पंधरा दिवस गेले. मालिका चोवीस भागांची होती. वायफायचं यंत्र होतं काकांच्या पुढच्या खोलीत आणि वर माझ्या खोलीत त्याची एकच काडी यायची, तीही वारा आला की जायची. म्हणून मी लॅपटॉप घेऊन खाली जिन्याच्या पायरीवर बसायचे. दोन दिवस काकांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जिन्यात बसून काय बघायल्या? आत या. आन् एवढ्या मोठ्या झाल्या तरी चित्रं कामून बघता?"

मी गोष्ट सांगितली. एक राज्य आहे. त्या राज्यातलं मोठं तळं डोंगरापलीकडच्या शिंगवाल्या राक्षसांनी बळकावलंय. ते परत घ्यायला चौघं निघतात. तलवारवाला तरुण राजपुत्र, धनुष्यवाली मुलगी, म्हातारा जादूगार आणि सामान उचलणारा एक जाड हमाल, जो सारखा खात असतो. चौघं चालत चालत, लढत लढत तळ्याकडं जातात.

"किती दिवस चालतात?"

"असतील चाळीसएक दिवस."

"कंच्या दिशेनं?"

मला काय माहीत कोणत्या दिशेनं! मी पात्रांचा अभ्यास करत होते. पण काकांनी स्टूल ओढलं, चष्मा घातला आणि म्हणाले, "आवाज बंद करा. माणसं बोलायला लागली की जमीन दिसत नाय."

त्या दिवसापासून संध्याकाळी चहाच्या वेळी एक भाग, असा नेम झाला. मुके भाग. काका मध्येच हात वर करायचे, की मी चित्र थांबवायचं. ते पडद्याजवळ जाऊन सावली बघायचे. सावली डावीकडं पडलीय, सकाळ आहे, म्हणजे ही मंडळी उत्तरेला तोंड करून चालली आहेत. डोंगर मागं किती लहान झाला, म्हणजे काल किती चालले. जुन्या कॅलेंडरांची पानं पाठकोऱ्या बाजूनं चिकटवून त्यांनी नकाशा काढायला घेतला, एक इंचाला एक दिवसाची चाल. नद्या, खिंडी, जळकी गावं, सगळं पेन्सिलीनं. पाचव्या भागात राजपुत्र एका दिवसात तीन दिवसांचं अंतर तोडून गेला तेव्हा काका एवढे चिडले की चहा निवला. "चित्रकार रानात फिरलेला नाय," ते म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "तुम्ही फिरलात, आम्ही काय मिळवलं?"

पात्रांविषयीही त्यांची मतं होती आणि ती माझ्या पुस्तकांत कुठं नव्हती. राजपुत्र त्यांना मुळीच आवडत नसे. तो सारखा उंचावर उभा राहून वाऱ्यावर केस उडवायचा. "हा साहेब. जीपमधून येऊन सही करणारा." जाड हमालावर मात्र त्यांचा फार जीव. "साखळी धरणारा असतो ना, तो हा. सगळ्यात जास्ती हाच चाललाय, सगळ्यांचं वझं घेऊन. भूक लागंल नाय तर काय? आन् दाखवायलेत काय, तर खातो म्हून." धनुष्यवालीबद्दल एकदा म्हणाले, "सहा भाग झाले. ही पोरगी दर टायमाला कोणाला तरी वाचवायलाच येती. तिचं सोताचं काही काम नाय का त्या मुलखात?" मी ते जसंच्या तसं शुद्ध भाषेत लिहून प्रबंधिकेत घातलं. मॅडमनी समासात 'उत्तम निरीक्षण' असं लिहिलं आणि संदर्भ मागितला. मी घरमालक म्हटलं. मॅडम म्हणाल्या, संदर्भसूचीत नको.

नवव्या भागात पहिली मोठी लढाई आहे. राजपुत्राची फौज शिंगवाल्यांचं एक गाव जाळते. रंग फार सुंदर आहेत त्या प्रसंगात. मी तेच टिपून घेत होते. काकांनी हात वर केला.

"ह्यांना नोटीस दिली का?"

"कोणाला?"

"शिंगवाल्यांना. हद्दीचा वाद हाय ना? मंग मोजणीच्या आधी लगतच्या लोकाला नोटीस द्यावी लागती. अमुक तारखेला मोजणी हाय, हजर राहा. लगतचा माणूस हजर नसला आन् मोजलं, तर ती मोजणीच नाय. मी अशा कितीक फेकून दिल्या."

"काका, ते राक्षस आहेत."

"कोण म्हणलं?"

"राजपुत्र म्हणाला."

"तो तर वादी हाय," काका म्हणाले, आणि हात खाली केला.

हे मला तेव्हा गमतीचं वाटलं. पण चौदाव्या भागाच्या सुमाराला त्यांनी नकाशा माझ्यापुढं पसरला आणि पेन्सिलीचं टोक एका ठिकाणी टेकवलं. चौघं चालताना मागं कुठंकुठं पांढरे उभे दगड दिसत. चित्रात ते नुसते शोभेला असावेत असं मी समजले होते. काकांनी प्रत्येक दगड नकाशावर घेतला होता. एका रेषेत होते सगळे. आणि ती रेषा आताच्या सरहद्दीवर नव्हती, राज्याच्या आत तीन दिवसांच्या चालीवर होती. "हे हद्दीचे दगड. राज्य तीन दिवस पुढं सरकलंय. तळं आधीपासून शिंगवाल्यांच्याच बाजूला." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "चौदा भाग झाले. एका भागात तरी त्यांच्यातल्या एकाला विचारलं का, की बाबा, तुझं काय म्हणणं हाय?"

मी उरलेले भाग तसेच नजर लावून बघितले. विचारलं नव्हतं. शिंगवाल्यांच्या तोंडी चोवीस भागांत एकही पूर्ण वाक्य नव्हतं. ते नुसते गुरगुरत. मी प्रबंधिकेचा आराखडा मोडला आणि नव्यानं लिहायला घेतला. गैरहजर शेजारी हे माझं मुख्य प्रकरण झालं. साठ पानं लिहिली. कथा कोणाच्या बाजूनं सांगितली जाते, चेहरा कोणाला मिळतो, वाक्य कोणाला मिळतं. लिहिताना स्वतःचा फार अभिमान वाटत होता, हे कबूल करते.

त्याच दिवसांत बाबांचा फोन आला.

आमचं गाव वैजापूरजवळ. बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, यांची शेतं लागून. आजोबांच्या हयातीतच वाटणीची मोजणी होऊन मध्ये हद्दीचा दगड बसला होता, बाभळीच्या बुडाशी. मोठे बाबा वारले त्या वर्षी आमच्या बाबांनी नवा बांध घातला आणि बांधाला लागून विहीर खणली. मी तेव्हा दहा वर्षांची होते. मला ती विहीर आठवते ती आईमुळं. आईनं तिच्यातला मुरूम टोपल्या टोपल्यांनी वर ओढलेला. हाताची सालं निघाली होती, त्यावर हळद लावून ती भाकरी थापायची. पाणी लागलं त्या दिवशी ती विहिरीच्या काठावर बसून रडली. चार वर्षांपूर्वी ती गेली. तो तुकडा तिच्या नावावर होता, त्यामुळं सातबाऱ्यावर बाबांच्या जोडीला माझं नाव लागलं.

आता मोठ्या बाबांच्या बायकोनं सरकारी मोजणीचा अर्ज केला होता. तिला मी लहानपणापासून मोठी आई म्हणायचे. विहिरीच्या वर्षापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. बाबा म्हणाले, "तुझ्या घरमालकाला इचार. सरकारी माणूस यायच्या आधी त्यांनी एकदा बघून घ्यावं. आपल्याकडनं. काय बोलायचं ते तरी कळंल."

मी त्याच संध्याकाळी काकांना सांगितलं. तावातावानं सांगितलं. विहीर माझ्या आईच्या रक्ताची आहे. बारा वर्षं ही बाई गप्प होती आणि आता आयती विहीर गिळायला निघाली आहे. पहिल्यापासूनच ती मत्सरी, कोणाचं बरं बघवत नाही तिला, गावात सगळे म्हणतात.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "तुमच्या मोठ्या आईच्या शिंगांची लांबी किती?"

मला इतका राग आला की लॅपटॉप उचलून मी वर गेले आणि दोन दिवस खाली उतरले नाही. आईची विहीर आणि कार्टून यांत यांना फरक कळत नाही! म्हातारा चळला आहे. असा राग मी दोन दिवस नीट जपला. तिसऱ्या दिवशी टेबलावर माझीच साठ पानं होती आणि ती मी चाळली. त्यात मी जे जे राजपुत्राला म्हटलं होतं ते ते वाचताना कान गरम झाले. मी खाली गेले. काका शेंगा फोडत होते.

"याल का?" मी विचारलं.

"येतो. पण मी कोणाकडनं येत नाय. मोजायला येतो. दोन्ही घरं हजर पाह्यजे. आन् जे निघंल ते कागदावर लिहून दोघांनी सही करायची. माझ्या कागदाला कायद्यात किंमत नाय, मी रिटायर माणूस. पण तुमच्या तुमच्यात हाय."

"मोठी आई कशाला येईल?"

"नोटीस द्या. पोस्टानं नाय, हातानं. तुम्ही."

बारा वर्षांत मी तिच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. तुरीच्या शेंगांचा ढीग पुढं घेऊन ती बसली होती, माझ्या आठवणीपेक्षा बरीच लहान झालेली. मी उभ्यानंच सांगितलं, बुधवारी मोजायचंय, तू ये. तिनं मान वर केली नाही.

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. मीच आले."

ती थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. "बांध घातला तवा ह्यांचा दहावा बी झाला नव्हता. मी घरात कोपऱ्यात बसलेली. बाहीर कुदळीचा आवाज यायला. कोणी म्हणलं नाय, वहिनी, चला, बघून घ्या." मग तिनं मला खाली बसायला सांगितलं आणि दाणे खायला दिले. एवढ्या वर्षांत हे एक वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं.

बुधवारी आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. काकांनी पांढरी टोपी घातली होती, खांद्यावरच्या पिशवीत साखळी होती आणि ओळखीनं कचेरीतून काढलेली आजोबांच्या वेळच्या मोजणीच्या टिपणाची नक्कल. गाडीत त्यांनी मला शिंगवाल्यांचं तळं किती खोल असेल ते समजावून सांगितलं. शेतात पोचल्यावर मात्र कार्टूनचं नाव काढलं नाही. बाबा बांधावर उभे होते. मोठी आई पलीकडं, डोक्यावर पदर, एकटी.

"दगड कुठं होता?" काकांनी दोघांना विचारलं.

"बाभळीच्या बुडाशी," बाबा म्हणाले.

"बाभळीच्या बुडाशी," मोठी आई म्हणाली.

बारा वर्षांत दोघांचं हे पहिलं एकमत असावं. बांधावर बाभूळ होती, चांगली जून, काळी. बाबा जाऊन तिला हात लावून उभे राहिले. काकांनी बाभळीकडं फारसं बघितलंच नाही. ते सरळ शेताच्या पार टोकाला गेले, जिथं तीन शेतं मिळतात तिथला जुना दगड अजून शाबूत होता. तिथून साखळी लावली. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. ऊन चांगलं तापलं होतं. टिपणातलं अंतर संपलं तिथं काकांनी चुन्याची चिमूट टाकली. ती बाभळीजवळ पडली नाही. आमच्या शेतात, विहीर ओलांडून आणखी आत, बाभळीपासून बावीस पावलांवर पडली.

"चुकलं तुमचं," बाबा म्हणाले.

काकांनी पुन्हा मोजलं. तिथंच. तिसऱ्यांदा उलट बाजूनं मोजलं. तिथंच. मग ते म्हणाले, "इथं खांदा."

बाबांनी कुदळ घेतली नाही. मी घेतली. हातभर खाली आधी एक कुजका, जाड बुंधा लागला, बाभळीचा. त्याच्या शेजारी कोळसे आणि खापराचे तुकडे. काकांनी एक कोळसा बोटांवर चोळून बाबांना दाखवला. "दगड नांगरानं जातो. जुने मोजणीदार म्हून दगडाखाली कोळसा पुरायचे. कोळसा कुजत नाय. ही तुमच्या वडलांची बाभळ. पडली आसंल वादळात. ती दुसरी तिचीच शेंग पडून उगवलेली. बांध घालताना तुम्ही लेकीला माय समजलात."

यात बाबांची लबाडी नव्हती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. त्यांनी खरंच बाभूळ बघून बांध घातला होता. त्या दिवशी मोठी आई तिथं असती तर तिनं सांगितलं असतं की भाऊजी, जुनी ती नव्हे. एवढंच झालं नव्हतं. आणि मग बारा वर्षं गेली.

बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बारा वर्षांची वहिवाट हाय," ते म्हणाले. "वकील म्हणलाय मला. आन् तुम्ही आमच्याकडनं आलात ना?"

"वहिवाट कोर्टात सांगा. मला कोळसा सापडला, मी कोळसा लिहिणार." काका बांधावर मांडी घालून बसले आणि पिशवीवर कागद ठेवून लिहू लागले. चार ओळी लिहिल्या, मोठ्यानं वाचून दाखवल्या. दोन्ही बाजू हजर, हद्द अमुक ठिकाणी, विहीर पूर्वेच्या शेतात. पूर्वेचं शेत म्हणजे मोठ्या आईचं. तिनं एक एक अक्षर लावत सही केली. बाबा पाठ फिरवून विहिरीकडं तोंड करून उभे राहिले. काकांनी कागद माझ्यापुढं धरला.

"तुमचं बी नाव हाय सातबाऱ्यावर."

"तिला काय कळतं त्यातलं?" बाबा न वळता म्हणाले.

खरं सांगते, मला पळून जावंसं वाटलं. आईची सोललेली बोटं डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिची विहीर मी माझ्या हातानं दुसऱ्याची म्हणून लिहून देणार होते, आणि बाबा मला हे कधी माफ करतील की नाही हे मला माहीत नव्हतं. काकांनी समजावलं नाही, घाई केली नाही, कागदही मागं घेतला नाही. एवढं ऊन, पण हात जागचा हलला नाही त्यांचा.

"मला वाचता येतं, बाबा," मी म्हटलं. "मी वाचलंय." आणि सही केली.

मग बाबांचा आवाज आला, "आन् विहीर? आता मी पाणी कुठनं आणू?"

ते कोणाला विचारत होते कळेना. मोठी आई म्हणाली, "विहीर तुम्ही खांदली. तुमची बायको मुरूम वढता वढता अर्धी झाली, मी बघितलंय ते माझ्या दारातून. मी काय बुजवणार हाय का? पाळी लावू. सोमवार-मंगळवार तुमचा."

"सोमवार-मंगळवार दिवसा लाइट नसती इकडं."

"बारा वर्षं मला कंच्याच वाराला पाणी नव्हतं, भाऊजी."

बाबा विहिरीच्या काठावर बसले. चप्पल काढली, झटकली, पुन्हा घातली. मग उठून आले आणि माझ्या हातातलं पेन मागितलं. सही करून झाल्यावर कागद न सोडताच ते म्हणाले, "गुरुवार तरी द्या, वहिनी."

"बघू," मोठी आई म्हणाली.

काकांनी बाबांच्या हातातून कागद काढून घेतला आणि पुन्हा मांडी घातली. "बघू नाय," ते म्हणाले. "दिला का नाय दिला? मला लिहायचंय."

मोठ्या आईनं एकदा बाबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"दिला," ती म्हणाली, आणि काकांनी लिहिलं.